शेतकऱ्याच्या चारचाकीची निगा : बिघाड ओळखा, वेळीच थांबा



रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक आहे. भाताच्या कापणीनंतर जमिनीतील ओलीवर वाल घेतला जातो. रोहा तालुक्यात कुंडलिकेच्या कालव्याखाली उन्हाळी भात, कलिंगड व भाजीपाला होतो. पेणमधून तर ऐन पावसाळ्यात गणेशमूर्तींची मोठी वाहतूक चालते. हा सर्व माल नेण्यासाठी बैलगाडीची जागा आता पिकअप, जीप, छोटा टेम्पो किंवा घरची मोटार यांनी घेतली आहे. पहाटे भरलेली भाजी वाशीच्या बाजारात उन्हे वर आल्यावर पोहोचली, तर तिला दर मिळत नाही. गाडी वाटेत बंद पडली तर दुरुस्तीचा खर्च होतोच, शिवाय माल वाया जातो तो वेगळा.

बैलाचे पाऊल जड पडू लागले की जाणता शेतकरी जू ठेवण्याआधी त्याचा खूर पाहतो. गाडीचेही तसेच आहे. बहुतेक बिघाड एकाएकी होत नाहीत. आधी वास, आवाज, गळती, दिवा किंवा कापणारे स्टिअरिंग यांतून ते आपली चाहूल देतात. त्यापैकी कोणती खूण दिसताच गाडी जागीच उभी करावी आणि कोणती खूण दिसली तरी सावकाश घरी येता येते, एवढे चालकाला समजले पाहिजे. पुढील माहिती त्या दृष्टीने दिली आहे.

आपल्या भागात गाडी लवकर का खराब होते?

१) खारी हवा व खारे पाणी : धरमतर व कुंडलिका खाडीलगतच्या खारेपाटात हवेत क्षार असतात. उधाणाला बांधाला खांड गेली की खारे पाणी रस्त्यावरही येते. मीठ, सुकी मासळी, युरिया, सुपर फॉस्फेट यांची वाहतूक केल्यास हौद्याचा पत्रा झपाट्याने गंजतो. गंज पत्र्यापुरता राहत नाही. गाडीखालून जाणारी ब्रेकची धातूची नळी गंजून पातळ झाली, तर ती नेमकी जोरात ब्रेक दाबतानाच फुटते.

२) चार महिन्यांचा पाऊस : वायरींचे जोड, ब्रेकचे भाग व डिझेलची टाकी यांत ओलावा शिरतो.

३) चिखल आणि धूळ : पावसाळ्यात चाकाच्या कमानीत चिखल साठून राहतो. उन्हाळ्यात त्याच रस्त्याची धूळ एअर फिल्टर बंद करते.

४) जास्तीचा भार : कलिंगड किंवा भाताची पोती भरताना गाडीची क्षमता पाहिली जात नाही. त्याचा ताण टायर, पाटे, क्लच आणि ब्रेक या चौघांवर एकाच वेळी येतो.

रोजची दहा मिनिटांची पाहणी

सकाळी इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागेवर उभी असताना पुढीलप्रमाणे पाहणी करावी.

१) गाडीखालची जमीन पाहावी. काळे व चिकट असेल तर इंजिन ऑइल, हिरवे किंवा गुलाबी पाणी असेल तर कूलंट, चाकाच्या आतील बाजूस पातळ तेलकट ओल असेल तर ब्रेक ऑइल गळत आहे असे समजावे. वातानुकूलन चालवल्यानंतर पडणारे स्वच्छ पाणी हा बिघाड नव्हे.

२) ऑइलची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. ऑइल वरच्या खुणेच्या वर भरू नये. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. अशी गाडी अजिबात सुरू करू नये.

३) कूलंटची पातळी पारदर्शक डब्यावरील खुणांवरून पाहावी. ब्रेक ऑइलच्या डबीतील पातळी वारंवार उतरत असेल तर केवळ भर घालून थांबू नये. ब्रेकचे लायनर झिजले आहेत की कुठे गळती आहे, याचा शोध घ्यावा.

४) चारही टायर व स्टेपनी पाहावी. हवेचा दाब टायर थंड असतानाच मोजावा. योग्य दाब किती, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. भरलेल्या व रिकाम्या गाडीसाठी तो वेगळा असतो. खाचेची खोली १.६ मि.मी.पर्यंत उतरली, म्हणजे खाचेतील आडवा उंचवटा टायरच्या पृष्ठभागाशी समपातळीत आला, की टायर बदलावा.

५) इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्रेक पेडल दाबून पाहावे. पेडल घट्ट लागले पाहिजे. सर्व दिवे, हॉर्न व वायपर तपासावेत.

६) बोनेट उघडून उंदरांचे काम दिसते का पाहावे. घराशेजारी भाताची पोती वा पेंढ्याची उडवी असेल तर उंदीर इंजिनाच्या उबेला येऊन वायरी कुरतडतात. उंदरामागून सापही येतो, म्हणून हात घालण्यापूर्वी आत नीट पाहावे. गाडीत खाद्यपदार्थ व धान्य सांडलेले ठेवू नये.

हंगामानुसार निगा

(अ) मे महिना, पावसाळ्यापूर्वी : वायपरचे रबर बदलावे. ब्रेक चारही चाकांत उघडून साफ करून घ्यावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा असलेले तेल घाटात ब्रेक तापल्यावर उकळून पेडल पोकळ पडते. त्यामुळे ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. गाडीखालील ब्रेकच्या नळ्या उजेडात तपासून घ्याव्यात व गंजलेली नळी रंग लावून न झाकता बदलावी. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती पालापाचोळ्याने बुजलेली असल्यास मोकळी करावीत.

(आ) जून ते सप्टेंबर : आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याचा फवारा खालून मारून चिखल काढावा. खारे पाणी, खत किंवा मासळी यांचा संबंध आल्यास त्याच दिवशी गाडी धुवावी. खताची पोती ठेवण्यापूर्वी हौद्यात ताडपत्री अंथरावी. कीटकनाशके चालकाच्या केबिनमध्ये किंवा धान्य-भाजीबरोबर नेऊ नयेत. पायांखालचे ओले गालिचे उचलून वाळवावेत, अन्यथा त्याखालील पत्रा आतून गंजतो. लावणीच्या दिवसांत गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओलाव्याने लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. डिझेलची टाकी शक्यतो भरलेली ठेवावी. रिकाम्या टाकीत हवेतील बाष्प थंड होऊन पाणी साठते.

(इ) ऑक्टोबर ते डिसेंबर, कापणी-मळणी : या काळातील मोठा धोका आगीचा आहे. गाडी चालून आल्यावर सायलेन्सरचा पुढचा भाग व धूर शुद्ध करणारा डबा काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. अशी गाडी खळ्यात पेंढ्यावर किंवा वाळलेल्या गवतावर उभी केल्यास खालून पेंढा पेट घेऊ शकतो. गाडीबरोबर सुगीही जाते. म्हणून गाडी उघड्या जमिनीवर, उडवीपासून दूर उभी करावी आणि खाली अडकलेले पेंढ्याचे बुचके इंजिन थंड झाल्यावर काढून टाकावेत.

(ई) जानेवारी ते मे : एअर फिल्टर दर पंधरा दिवसांनी पाहावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. हलके झटकावा आणि पुस्तिकेत दिलेल्या अंतराला बदलावा. बॅटरीच्या ज्या प्रकारात पाणी घालण्याची सोय आहे, त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. रेडिएटरमध्ये खारेपाटातील विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. त्यातील क्षार आत थर धरतात व धातू खातात. कूलंट व डिस्टिल्ड वॉटर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, मिसळावे. वाटेत नाइलाजाने दुसरे पाणी घालावे लागले, तर परतल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरून घ्यावे.

नवीन गाड्यांबाबत विशेष सूचना

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकाच्या गाड्या विकल्या जात आहेत. यातील अनेक डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा फिल्टर असतो. गाडी कायम शेत ते घर अशी दोन-चार किलोमीटर फिरली तर ही काजळी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो. अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगात अर्धा तास चालवावी. फिल्टरचा दिवा लागल्यास पुस्तिकेत दिलेल्या कृतीकडे दुर्लक्ष करू नये.

काही गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी डीईएफ नावाच्या द्रवाची वेगळी टाकी असते. हा द्रव म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया व शुद्ध पाणी. “युरियाच आहे ना, मग घरचा चालेल,” असे समजून खताचा युरिया पाण्यात विरघळवून त्यात ओतू नये. आपल्याकडे शेतीच्या युरियावर कडुनिंब तेलाचे लेपन असते व इतर अशुद्धीही असतात. त्याने ही यंत्रणा निकामी होते आणि तिची दुरुस्ती फार महाग पडते.

पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत, पेट्रोलमधील इथेनॉल पाणी शोषते. जुनी पेट्रोल गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. तिच्या इंधनाच्या रबरी नळ्या दर वर्षी तपासून घ्याव्यात व कडक झालेल्या किंवा तडकलेल्या नळ्या बदलाव्यात.

पाण्यातून गाडी घालण्यापूर्वी

अंबा व कुंडलिका या दोन्ही नद्या खाडीला मिळतात. डोंगरात जोराचा पाऊस आणि त्याच वेळी समुद्राला उधाणाची भरती असेल, तर पाण्याला उतार मिळत नाही व सखल रस्ते थोड्या वेळात पाण्याखाली जातात. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा व नागोठणे परिसरात केलेली हानी जुन्या लोकांच्या स्मरणात आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीतही जिल्ह्याने मोठे नुकसान सोसले.

वाहत्या पाण्याचा जोर डोळ्यांना कळत नाही. साधारण ३० सें.मी. खोल वाहते पाणी लहान मोटार उचलू शकते आणि ६० सें.मी. पाणी बहुतेक जड गाड्याही वाहून नेते. त्यामुळे पुढील नियम पाळावेत.

१) मोरीवरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये. पुढची गाडी गेली म्हणून आपलीही जाईल असे धरू नये. खालचा रस्ता खचला आहे की नाही, हे गढूळ पाण्यात दिसत नाही.

२) साचलेले, न वाहणारे पाणी चाकाच्या मध्यापेक्षा खाली असेल तरच पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने, मध्ये न थांबता गाडी न्यावी.

३) बाहेर आल्यावर सावकाश चालवत ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबावेत, म्हणजे लायनर कोरडे होतील.

४) पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा सेल्फ मारू नये. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असू शकते. हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही. सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो आणि जे काम साफसफाईवर भागले असते ते संपूर्ण इंजिनावर जाते. साध्या विमा पॉलिसीत असे नुकसान सहसा भरून मिळत नाही. पाणी वाढत असेल तर गाडी सोडून उंच जागी जावे. गाडी सुरक्षित असेल तर बॅटरीचे ऋण टोक सोडवावे व गाडी ओढून गॅरेजमध्ये न्यावी.

चिखलात चाक रुतल्यास अॅक्सिलरेटर जोरात दाबून चाक फिरवत राहू नये. त्याने चाक आणखी खाली जाते व क्लच जळतो. माल उतरवावा, चाकापुढील चिखल काढून खडी, फळी किंवा गोणपाट घालावे व दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू गाडी काढावी. त्या वेळी गाडीच्या थेट पुढे किंवा मागे कोणी उभे राहू नये.

वाटेतील नेहमीचे बिघाड

१) गाडी सुरू होत नाही : प्रथम हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवा मंद होऊन टकटक आवाज येत असेल तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके सैल वा पांढरी भुकटी धरलेली आहेत. टोके कोमट पाण्याने धुवून, कोरडी करून घट्ट बसवावीत व वर पेट्रोलियम जेली लावावी. दिवा प्रखर राहून एकच ‘टक’ आवाज आल्यास सेल्फच्या मोटारीचा किंवा तिच्या वायरीचा दोष असतो. सेल्फ नीट फिरतो पण इंजिन घेत नाही, तर दोष इंधनाकडे शोधावा. बॅटरीला आराम मिळाल्यावर, इंजिन बंद असताना, सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दाब दिसावा. चालू इंजिनावरही तो वाढत नसेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही. दोष अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या पट्ट्यात आहे.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, नंतर चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावून तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो, म्हणून जवळ विडी किंवा काडी पेटवू नये. ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्का देऊन सुरू होत नाही.

२) इंजिन तापणे : सुकेळी किंवा भिसे खिंड चढताना भरलेल्या गाडीचा काटा वर जाऊ लागल्यास वातानुकूलन बंद करावे, आतला हीटर पूर्ण सुरू करावा आणि खालच्या गिअरमध्ये चढावे. तरीही काटा लाल पट्ट्यात गेल्यास किंवा वाफ दिसल्यास गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असून झाकण सैल होताच तोंडावर व हातावर उसळते. या एका चुकीने चालकांना गंभीर भाजते. किमान अर्धा तास थांबावे. बंद इंजिनावरही विजेचा पंखा एकाएकी फिरू शकतो, म्हणून हात दूर ठेवावा. थंड झाल्यावर फुटलेली रबरी नळी, तुटलेला पट्टा, न फिरणारा पंखा आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल-गवत पाहावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेड तडकण्याचा संभव असतो.

३) डिझेल गाडी झटके देऊन बंद पडणे : फिल्टरमध्ये पाणी साठले असेल तर त्याच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी भांड्यात काढावे. डिझेल संपून लाइनमध्ये हवा शिरली असेल तर डिझेल भरून फिल्टरवरील हातपंपाने ती काढावी. नव्या कॉमन रेल इंजिनात इंजेक्टरच्या नळीतील दाब एक हजार बारच्या वर जातो व त्याची धार कातडी भेदून आत शिरते. ती नळी कधीही सैल करू नये. पॉवर टिलर किंवा पंपासाठी पिंपात ठेवलेले डिझेल गाडीत घालायचे झाल्यास ते निवळू द्यावे, तळाचा गाळ घेऊ नये व गाळूनच भरावे.

४) ब्रेक : पेडल पोकळ लागून दोन-तीन वेळा दाबल्यावर घट्ट होत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा ब्रेकला समायोजन हवे. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जात असेल तर गळती आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचा ब्रेक अडकला आहे किंवा लायनरवर तेल आले आहे. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज म्हणजे लायनर संपले आहेत. खिंड किंवा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरू नये. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारी निर्वात मदत व पॉवर स्टिअरिंग थोड्याच क्षणांत संपते. उतारावर ब्रेक गेल्यास पेडल भराभर दाबावे, एकेक करून खालचा गिअर घ्यावा, हँडब्रेक थोडा थोडा ओढावा आणि गाडी डोंगराच्या बाजूने घ्यावी.

५) टायर : दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर चाकाची अलाइनमेंट बिघडली आहे. स्टिअरिंग ठरावीक वेगाला थरथरत असेल तर बॅलन्सिंग करून घ्यावे. चाक बदलताना गाडी सपाट व कठीण जागेवर घ्यावी, समोरच्या चाकांना दगड लावावेत व जॅक लावण्यापूर्वी नट थोडे सैल करावेत. बांधावरच्या किंवा खाचरालगतच्या मऊ जमिनीत जॅकखाली जाड फळी ठेवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. बसवलेल्या चाकाचे नट चाळीस-पन्नास किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून पाहावेत.

६) क्लच : भरलेली गाडी चढावर इंजिनाचा आवाज करते पण वेग घेत नाही व जळका वास येतो, याचा अर्थ क्लच घसरत आहे. पाय सतत क्लचवर ठेवून चालवणे व चढावर अर्धा क्लच दाबून गाडी रोखून धरणे या सवयी टाळाव्यात.

७) धूर : काळा धूर येत असल्यास एअर फिल्टर तुंबला आहे किंवा इंजेक्टरमध्ये दोष आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. थंडीत सुरुवातीला येणारा थोडा पांढरा धूर चिंतेचा नाही, परंतु इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहून कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासावे.

८) दिवे बंद होणे : फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अॅम्पिअरचा फ्यूज घालावा. तांब्याची तार किंवा चांदी कागद घालू नये. त्याने फ्यूज वाचतो व वायरिंग पेटते. नवा फ्यूजही जळाल्यास तो सर्किट भाग तसाच बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला दाखवावे.

खुणांचे तीन वर्ग

सर्व बिघाड सारखे नसतात. पुढील वर्गवारी कागदावर लिहून गाडीत ठेवावी आणि घरात जो कोणी गाडी चालवतो त्याला समजावून सांगावी.

जागीच थांबावे : ऑइलच्या कॅनचा लाल दिवा लागणे, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जाणे, ब्रेक पेडल तळाला जाणे, इंधनाचा किंवा वायर जळल्याचा वास येणे, चाकातून खटखट आवाज येणे, आणि चार्जिंगचा दिवा लागून त्याच वेळी काटा वर जाणे किंवा स्टिअरिंग जड होणे. शेवटच्या खुणेचा अर्थ बहुधा पट्टा तुटला असा असतो. अशा वेळी “बाजार दहाच किलोमीटरवर आहे” हा विचार करू नये. ऑइलचा दाब नसताना इंजिन काही मिनिटांतच जाम होऊ शकते.

सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जावे : इंजिनाचा पिवळा दिवा, फक्त चार्जिंगचा दिवा, काजळी फिल्टरचा दिवा, क्लच घसरणे, कूलंटची थेंब थेंब गळती. चार्जिंगचा दिवा एकटाच असेल तर दिवसा अनावश्यक वीज बंद करून काही अंतर जाता येते. रात्री व पावसात तसे करू नये.

आठवड्याच्या आत पाहून घ्यावे : एका बाजूने झिजणारा टायर, ब्रेकची किरकिर, वाढलेला इंधन खर्च, सेल्फ घ्यायला लागणारा उशीर.

गाडीत ठेवायचे साहित्य व नोंदवही

हवा भरलेली स्टेपनी, जॅक, चाकाचा पाना, जाड फळी, दोन लाकडी ठोकळे, टॉर्च, धोकादर्शक लाल त्रिकोण, निरनिराळ्या अॅम्पिअरचे फ्यूज, केबलची जोडी, ओढण्याचा दोर, पाच लिटर स्वच्छ गोडे पाणी, एक लिटर योग्य प्रतीचे इंजिन ऑइल, प्रथमोपचार पेटी व लहान अग्निशामक एवढे साहित्य गाडीत असावे. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडल्यास चारही इंडिकेटर लावावेत, त्रिकोण बराच मागे ठेवावा, माणसांनी गाडीत न बसता रस्त्याबाहेर उभे राहावे. महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

पिकाचा खर्च जसा आपण लिहितो तशी गाडीची एक वही ठेवावी. तीत तारीख, किलोमीटर, भरलेले इंधन, बदललेले ऑइल व फिल्टर, ब्रेकचे काम यांची नोंद करावी. इंधनाचा खर्च दर लिटरला एक-दीड किलोमीटरने वाढलेला वहीत लगेच दिसतो आणि तो बहुतेक वेळा तुंबलेला फिल्टर, कमी हवा किंवा अडकलेला ब्रेक यांमुळे असतो. हे तिन्ही दोष आरंभी थोड्या पैशांत निघतात.

लक्षात ठेवावे

१) रोज थंड इंजिनावर दहा मिनिटांची पाहणी करावी.
२) रेडिएटरमध्ये खारे पाणी आणि डीईएफच्या टाकीत शेतीचा युरिया कधीही घालू नये.
३) तापलेली गाडी पेंढ्यावर उभी करू नये व तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.
४) वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. पाण्यात बंद पडल्यास सेल्फ मारू नये.
५) लाल दिवा लागल्यास माल कितीही घाईचा असला तरी गाडी थांबवावी.

वाया गेलेली एक भाजीची खेप पुढच्या तोडणीत भरून निघते. जाम झालेले इंजिन मात्र भाताच्या एका हंगामात भरून निघत नाही, आणि फरशीवरून वाहून गेलेला माणूस परत येत नाही. तेव्हा येत्या मे महिन्यात आवणाची तयारी सुरू करण्यापूर्वी एक दिवस गाडीसाठी राखून ठेवावा आणि वरील यादीप्रमाणे ती तपासून घ्यावी.